संज्ञाप्रवाहाची कादंबरी पडद्यावर आणायचीय? आधी एक पान घ्या

फिल्म करायला नव्याने लागलेल्या बऱ्याच जणांना मॉडर्निस्ट, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रयोगशील, कादंबऱ्यांची ओढ असते. वूल्फ, जॉयस, फॉकनर, प्रूस्त यातलं काहीतरी हाती लागतं, दोन रात्री झोप उडते आणि वाटतं की ह्याची शॉर्टफिल्म झालीच पाहिजे, पण स्क्रिप्ट लिहायला बसलं की पहिल्याच पानावर गाडी अडते कारण तिथे घडत जवळजवळ काहीच नसतं. बाई फुलं आणायला घराबाहेर पडली. बस. बाकी सगळं तिच्या डोक्यात. मग दोनच वाटा दिसतात, एकतर सगळं व्हॉइसओव्हरमध्ये वदवून घ्यायचं, नाहीतर प्रत्येक आठवणीला धूसर कडांचा फ्लॅशबॅक लावायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की विचार शूट करायला जाऊच नका. एका विचारातून दुसऱ्या विचारात मन जिथे उडी मारतं ती जागा शूट करा. त्या जागेला मी सांधा म्हणतो. संज्ञाप्रवाहाच्या, म्हणजे मनातले विचार जसे येतात तसे सलग मांडणाऱ्या, चांगल्या कादंबरीत हे सांधे हवेतले नसतात, तिथे काहीतरी ठोस असतं, आवाज, वस्तू, स्पर्श, समोरून गेलेलं माणूस. आणि ठोस गोष्ट कॅमेऱ्याला दिसते, माइकला ऐकू येते.

पायरी १ : कादंबरी नाही, पान निवडा

अख्ख्या कादंबरीची फिल्म करायचं मनातून काढून टाका, निदान पहिल्या वेळी. एक ते दोन पानं घ्या, अशी की ज्यात बाहेरचा वेळ कमी आणि आतला जास्त आहे. मी इथे व्हर्जिनिया वूल्फच्या 'मिसेस डॅलोवे'चं (१९२५) सुरुवातीचं पान धरून चालतो कारण शिकायला त्याच्यासारखं पान नाही. जून महिन्यातला एक दिवस, पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झालीयत, लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये राहणारी पन्नाशी ओलांडलेली क्लॅरिसा संध्याकाळच्या पार्टीसाठी फुलं आणायला स्वतः निघते.

हक्कांचं इथेच बघून टाका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष लागल्यापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. वूल्फ आणि जॉयस दोघंही १९४१ मध्ये गेले त्यामुळे आपल्याकडे त्यांची हयातीत छापलेली पुस्तकं केव्हाच मोकळी झालीत. मराठीत काही घ्यायचं असेल तर बा. सी. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' (१९४२) जरूर वाचा, संज्ञाप्रवाहाचा मराठीतला तो फार महत्त्वाचा प्रयोग आहे, मर्ढेकर १९५६ मध्ये गेले म्हणजे तीही २०१७ पासून मोकळी. पण अनुवाद वापरणार असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, मूळ पुस्तक मोकळं आहे म्हणून अनुवाद मोकळा होत नाही. आणि फिल्म परदेशी फेस्टिव्हलला पाठवायची असेल तर तिथला नियम बघा, ब्रिटनमध्ये साधारणपणे ७० वर्षं धरतात.

पायरी २ : तीन रंगांच्या पेन्सिली

पानाची मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढा. निळ्या पेन्सिलीने बाहेर खरोखर घडतंय ते अधोरेखित करा, म्हणजे रस्त्यावरच्या सीसीटीव्हीला जे दिसलं असतं तेवढंच. लाल पेन्सिलीने आतलं, आठवण, अंदाज, भीती, कुणाबद्दलचं मत, सगळं. आणि निळं संपून लाल सुरू होतं किंवा एक लाल सोडून मन दुसऱ्या लालवर जातं तिथे हिरवा गोल करा आणि समासात लिहा की ही उडी कशामुळे बसली.

रंगांची ही गोष्ट हौसेची नाही. फॉकनरलाच 'द साउंड अँड द फ्युरी'मधल्या (१९२९) बेंजीच्या भागातले वेगवेगळे काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापायचे होते, त्या वेळी छपाईला ते जमलं नाही आणि पुस्तक तिरप्या टायपावर भागवून निघालं. बेंजीच्या भागातला अगदी सुरुवातीचा सांधा बघा. तेहतीस वर्षांचा मतिमंद बेंजी कुंपणातून पलीकडे जाताना खिळ्याला अडकतो, सोबतचा पोरगा वैतागतो, आणि पुढच्याच ओळीत त्याला खिळ्यातून सोडवणारी असते त्याची बहीण कॅडी, म्हणजे आपण कित्येक वर्षं मागे लहानपणच्या थंडीत पोचलेलो असतो. मध्ये कुठे 'त्याला आठवलं' नाही. खिळा तोच, कुंपण तेच, वर्षं बदलली. लेखकानेच कट मारून ठेवलाय, तुम्हाला फक्त तो बघता आला पाहिजे.

'डॅलोवे'च्या पानावर तुमचे हिरवे गोल साधारण असे पडतील. पार्टीसाठी घरातली दारं बिजागऱ्यांवरून उतरवायची आहेत, कामाची माणसं येणार आहेत, हा पहिला विचार. बिजागरीवरून मन थेट बोर्टनला जातं, तिच्या तरुणपणीचं खेड्यातलं घर, तिथल्या काचेच्या मोठ्या खिडक्या उघडताना बिजागऱ्या कुरकुरायच्या आणि ती मोकळ्या हवेत झेप घ्यायची. तिथून पीटर वॉल्श, जो आता हिंदुस्थानातून परत येणार आहे, त्याचं भाज्यांवरून काहीतरी चिडवणं. मग एकदम आपण फुटपाथच्या कडेला, एक व्हॅन जायची ती वाट बघतेय, आणि शेजारी राहणारा पर्विस तिला लांबून बघतो, त्याला ती पक्ष्यासारखी वाटते. तेवढ्यापुरतं आपण त्याच्या डोक्यात असतो. मग बिग बेनचे ठोके.

आता निळं मोजा. दारातून निघाली, फुटपाथवर थांबली, व्हॅन गेली, घड्याळ वाजलं. दोन-तीन मिनिटांचा ऐवज आहे. तुमच्या फिल्मची लांबी तेवढीच धरा, लाल मजकूर कितीही असला तरी.

पायरी ३ : सांध्याची जात ओळखा

इथे घाई करू नका, सगळं यश इथे ठरतं. सांधा आवाजाचा आहे की वस्तूचा, शरीराचा, वासाचा, चवीचा, की नुसत्या शब्दाचा? आवाज आणि वस्तू सोप्या. शरीराचा सांधाही उत्तम चालतो. अलँ रेनेच्या 'हिरोशिमा मोनामूर'मध्ये (१९५९, पटकथा कादंबरीकार मार्गरीत द्युरासची) नायिका सकाळी कॉफी घेऊन उभी आहे, पलंगावर झोपलेल्या जपानी प्रियकराचा हात झोपेत जरासा थरथरतो, कट, दुसराच एक हात, तसाच पडलेला, मग रक्ताळलेला चेहरा, आणि परत खोली. काही सेकंदांत सगळं संपतं. कुणाचा हात, कुठला देश, तेव्हा काहीच सांगत नाहीत, ते कितीतरी पुढे उलगडतं. हा तुकडा परत परत बघा. फ्लॅशबॅकला लाटेसारखं हलणारं चित्र नाही, म्युझिक नाही, बाईचं डोळे मिटणं नाही. हात आणि हात.

वास आणि चव मात्र कॅमेऱ्याच्या हाती लागत नाहीत, तिथे बदल करावा लागतो. नाटककार हॅरॉल्ड पिंटरने १९७२ मध्ये प्रूस्तच्या अवाढव्य कादंबरीची पटकथा लिहिली, जोसेफ लोझी डिरेक्ट करणार होता, पैसे उभे राहिले नाहीत आणि फिल्म झालीच नाही, पण पटकथा १९७७ मध्ये छापून आली आणि नवशिक्याने वाचावी अशी आहे. सुरुवात कशी? पडदा नुसता पिवळा, आणि बागेच्या फाटकाच्या घंटेचा आवाज. पिवळं म्हणजे काय ते नंतर कळतं, व्हर्मीरच्या डेल्फ्ट शहराच्या चित्रातला भिंतीचा तुकडा. एवढ्या मोठ्या कादंबरीतून त्याने एक रंग आणि एक आवाज उचलला आणि पुढचे सांधे त्यावर बसवत गेला. तुमच्या पानावर वासाचा सांधा असेल तर त्या वासाच्या प्रसंगात दुसरं काय ऐकू येत होतं ते शोधा, बहुतेक वेळा लेखकाने ते आसपास लिहिलेलं असतं.

पायरी ४ : स्क्रिप्ट दोन कॉलममध्ये लिहा

नेहमीचा स्क्रीनप्लेचा साचा इथे आडवा येतो कारण त्यात आवाजाला जागाच कमी. कागदाचे दोन भाग करा, डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं, आणि दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगत असतील तर एक बाजू खोडा. मी आपलं पान असं लिहीन.

डावीकडे: लंडनचं घर, बिजागरीचा क्लोजअप, मोलकरीण ल्यूसीची मागे लगबग. क्लॅरिसा दार उघडते. उजवीकडे: दाराचा कुरकुराट. पण हा कुरकुराट ह्या दाराचा नाही. हे दार तेल घातलेलं, अलगद उघडणारं दाखवायचं, आणि आवाज टाकायचा तो बोर्टनच्या जुन्या खिडकीचा, लांबट, लाकडी, जरा जास्तच मोठा. बघणाऱ्याला नेमकं कळणार नाही पण काहीतरी निसटल्यासारखं वाटेल, आणि तेच हवंय, कारण कादंबरीतही तो आवाज तिला आत्ता ऐकू येतोय.

मग डावीकडे तिचा चेहरा, उन्हात, केस जरासे हलतायत. उजवीकडे लंडनची रहदारी हळूहळू विरते आणि पक्षी येतात, बोर्टनला कावळ्याच्या जातीतले रूक उडतायत. बोर्टन दाखवू नका अजून. पीटरचा आवाज येतो, भाज्यांवरून चिडवणारा, जवळून, जणू खांद्यामागे उभा आहे, आणि ती लंडनच्या फुटपाथवर उभ्या उभ्या हसते. तिचं हसणं लंडनमधलं, त्याचं कारण बोर्टनमधलं. इथे हवाच असेल तर बोर्टनचा एकच शॉट, खिडकीच्या दांडीवरचा तरुण हात, सेकंदभर.

व्हॅन फ्रेम पुसत जाते. व्हॅन गेल्यावर आपण रस्त्याच्या पलीकडून तिला बघतोय, पर्विसच्या जागेवरून, आणि आतले सगळे आवाज बंद. पक्षी नाहीत, पीटर नाही, साधा रस्ता. ताठ उभी एक बाई. डोकं बदललं हे सांगायला एवढं पुरतं, तिच्या आतला आवाज त्याला ऐकू येणं शक्यच नाही ना. मग बिग बेन, आणि तो मात्र दोघांनाही ऐकू येतो, दोघांच्या शॉटवर एकच ठोका चालू ठेवायचा. वूल्फने कादंबरीभर घड्याळाचं हेच काम ठेवलंय. पुढे मोटारीचा बार उडाल्यासारखा आवाज होतो तो फुलांच्या दुकानात क्लॅरिसाही ऐकते आणि बाहेर युद्धातून मन मोडून आलेला सेप्टिमसही ऐकतो, आभाळात धुराने अक्षरं काढणारं विमान तर सगळा रस्ता बघतो आणि प्रत्येक जण वेगळं वाचतो. एका डोक्यातून दुसऱ्यात जायचे पूल तिने बांधून दिलेत, ते वापरा.

एक सापळा इथे सांगतो. डोक्यात शिरायचं म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या जागी लावायचा असं पुष्कळांना वाटतं. रॉबर्ट माँटगोमेरीने १९४७ मध्ये 'लेडी इन द लेक' जवळपास पूर्ण अशी केली, डिटेक्टिव्हच्या नजरेतून, तो स्वतः दिसतो तो मुख्यतः आरशात. बघा ती, आणि स्वतःला विचारा की तो काय विचार करतोय हे कळतं का. फारसं नाही कळत. माणसाचं मन आपल्याला त्याच्या चेहऱ्यावरून लागतं, आणि चेहराच काढून घेतला तर नुसती नजर उरते. क्लॅरिसाचा चेहरा आणि त्यावर न जुळणारा आवाज, ही जोडी अशा नजरेतून घेतलेल्या शॉटपेक्षा (पीओव्ही) कितीतरी आत नेते.

पायरी ५ : व्हॉइसओव्हर, हात राखून

वाईट नाही व्हॉइसओव्हर. पण तो शेवटी घ्या. 'युलिसिस'च्या (१९२२) शेवटी मॉलीचं स्वगत आहे, आठ लांबच लांब वाक्यं आणि विरामचिन्हं जवळपास नाहीतच. जोसेफ स्ट्रिकने १९६७ च्या त्याच्या फिल्ममध्ये ते बार्बरा जेफर्डच्या आवाजात मोठ्या धीराने घेतलंय आणि तो आवाज ऐकण्यासारखा आहे, पण आवाज जे सांगतो तेच चित्र दाखवू लागतं तिथे मला ते पडतं, आणि नुसता तिचा चेहरा किंवा खोली दिसते तिथे परत उभं राहतं. मार्लीन गोरिसच्या १९९७ च्या 'मिसेस डॅलोवे'बद्दलही माझी तक्रार जवळची आहे. व्हॅनेसा रेडग्रेव्ह अप्रतिम, तरुण क्लॅरिसा नताशा मॅकेलहोनही छान, पण बोर्टनचे प्रसंग असे पूर्ण, नीट सुरुवात-शेवट असलेले येतात की ती आठवण न राहता 'पूर्वी घडलेली गोष्ट' होते. आठवण तुटक असते, तिला मध्येच कुणीतरी हाक मारतं.

रेकॉर्ड करताना अ‍ॅक्टरला कागद वाचू देऊ नका. मजकूर पाठ असू दे, मग त्याला चालायला सांगा, हातात काहीतरी काम द्या आणि माइक तोंडाजवळ ठेवून बोलू द्या, श्वास, अडखळणं, अर्धवट सोडलेलं वाक्य, सगळं ठेवा. स्टुडिओ नसेल तर कपड्यांनी भरलेल्या कपाटाजवळ किंवा दोन जाड रजया टांगून चांगला कोरडा आवाज मिळतो. मराठीत लिहीत असाल तर 'ती विचार करू लागली की' वगैरे सरळ उडवा, 'किती प्रसन्न सकाळ होती ती' असलंही नको. 'काय सकाळ आहे... दारं. दारांचं सांगायचं राहिलं ल्यूसीला' असं काहीतरी, माणूस स्वतःशी बोलतो तसं.

रशियन दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइनने १९३० मध्ये हॉलिवूडमध्ये एका कादंबरीच्या पटकथेत अंतर्गत स्वगताचा प्रयोग मांडला होता, त्याआधी वर्षभर पॅरिसमध्ये तो जॉयसला भेटून आला होता. स्टुडिओने पटकथा नाकारली, पण त्याने नंतर लिहिलेली यादी आजही कामाची आहे: कधी नुसती चित्रं, कधी चित्राशी न जुळणारा आवाज, कधी तुटके शब्द, आणि कधी पडदा पूर्ण काळा आणि फक्त धावणारं बोलणं. काळ्या पडद्याला एक रुपया लागत नाही. एकदा तरी वापरून बघा.

पायरी ६ : शूटिंग

कादंबरीतला जुना काळ उभा करायच्या नादी लागू नका. स्ट्रिकनेही 'युलिसिस'साठी कादंबरीतलं १९०४ चं डब्लिन उभारलं नाही, त्याच्या वेळचं, साठच्या दशकातलं डब्लिन वापरलं आणि चाललं. तुमच्याकडे पुण्यातलं किंवा पणजीतलं जुनं घर आणि मोबाइल असेल तर माणसांची नावं आणि गाव बदलून खुशाल तिथे करा, सांधे तेवढे तसेच ठेवा.

बाहेरची कृती सलग शूट करा, दारापासून फुटपाथपर्यंत एकच लांब टेक, दोन-तीनदा. मग सुटे तुकडे: हात, बिजागरी, मान वळणं, आणि अ‍ॅक्टर काहीच करत नाहीये असा निवांत क्लोजअप, भरपूर लांब. एडिटला सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच होतो आणि सेटवर नेमका हाच राहून जातो. प्रत्येक ठिकाणचा रूम टोन, म्हणजे त्या जागेचा कुणी बोलत नसतानाचा आवाज, मिनिटभर रेकॉर्ड करा, सगळ्यांना गप्प उभं करून. ज्या दोन गोष्टी जुळवायच्यात, दोन हात किंवा दोन दारं, त्यांचा अँगल, लेन्स आणि फ्रेममधली जागा सारखी ठेवा, पहिल्या शॉटचा स्क्रीनशॉट समोर धरून दुसरा लावा.

पैसे न लागणारी अजून एक युक्ती रौल रुईझच्या प्रूस्तवरच्या फिल्ममध्ये आहे ('टाइम रीगेन्ड', १९९९). तिथे खोलीतलं फर्निचर हळूच सरकतं, मैफलीतल्या श्रोत्यांच्या रांगा सरकतात, माणसं मात्र काही झालंच नाही अशी. दोन मित्रांनी फ्रेमबाहेरून टेबल हळू ओढलं तरी जमतं.

पायरी ७ : एडिट, आणि क्रम महत्त्वाचा

पहिला कट फक्त निळ्याचा करा. आठवण नाही, आतला आवाज नाही, बाई निघाली आणि रस्त्यापाशी थांबली. हा कट नुसता बघवला पाहिजे, तिच्या चालीत लय पाहिजे. तो डगमगत असेल तर वर काहीही चढवलं तरी सावरत नाही.

त्यानंतर आवाज. चित्राला हात न लावता फक्त आतले आवाज टाका आणि पूर्ण बघा. पुष्कळदा इथेच लक्षात येतं की आठवणीचे अर्धे शॉट लागतच नाहीत. मग उरलेल्या सांध्यांवर चित्र टाका आणि आवाज चित्राच्या आधी येऊ द्या, अर्धा-एक सेकंद आधी, म्हणजे मन आधी गेलं आणि डोळे मागून पोचले. आठवणीचा शॉट किती लांब ठेवायचा ह्याला नियम नाही, पण २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर १२ फ्रेमपासून सुरू करा आणि दिसेनासा वाटला तर वाढवा. उलट, लांब ठेवून कापत आणायला गेलं की जीव होत नाही कापायचा.

डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळवणं), सेपिया, प्रकाशाचं वलय, प्रतिध्वनीवाला आवाज, हे सगळं बंद. हे इफेक्ट बघणाऱ्याला सांगतात की आता आठवण सुरू झाली बरं का, आणि मॉडर्निस्टांनी नेमकं तेच काढून टाकलं होतं.

पायरी ८ : कादंबरी न वाचलेल्या माणसाला दाखवा

वाचलेल्याला दाखवून उपयोग नाही, तो गाळलेलं मनात भरून घेतो. न वाचलेल्या दोघा-तिघांना दाखवा, आधी काहीही सांगू नका, आणि 'आवडली का' विचारू नका. विचारा, ती बाई आत्ता कशी आहे? आणि ती मध्ये कुठे गेली होती का? 'कुठेतरी गेली होती, कुणाची तरी आठवण आली, माणूस चिडवत होता' एवढं आलं तर घर कुठलं, माणूस कोण हे नाही कळलं तरी हरकत नाही, पुढच्या पानांना काम राहिलं. 'तो आवाज कुणाचा, दाराच्या मागे कुणी होतं का' असं विचारलं तर पीटरचा आवाज फार मोठा किंवा फार साफ झालाय, तो थोडा खाली घ्या आणि रस्त्याचा आवाज पूर्ण न विरवता त्याच्याखाली जरासा राहू द्या. पर्विसच्या शॉटला कुणालाच काही वाटलं नाही तर शांतता कमी पडलीय. तिथे रस्त्याचा आवाजही अर्ध्यावर आणा आणि शॉट दोन सेकंद वाढवा. बिजागरीवर कुणी 'दार बिघडलंय का' म्हणालं तर दार उघडण्याचा शॉट जरा आधी कापा, म्हणजे दार दिसेनासं झाल्यावरही कुरकुराट तिच्या चेहऱ्यावर चालू राहील.